मोठं चाक

ही फजिती सांगायची माझी इच्छा नव्हती. पण गेलं वर्षभर आमच्या शिक्षकखोलीत ती इतक्या जणांनी तिखटमीठ लावून सांगितली आहे की निदान एकदा तरी ती माझ्या तोंडून खरी सांगितली जावी, असं वाटतं. मी बोरी अरबच्या शाळेत गणित शिकवते आणि माझे वडील सुतार. सुतार म्हणजे दारं-खिडक्या करणारे नव्हेत, बंडीची चाकं करणारे. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात. तर चाकं करणाऱ्याची मुलगी, त्यात गणिताची बाई, आणि तिनं स्वतःच्या कारला चुकीची चाकं बसवून आणली. लोकांना हसायला आणखी काय लागतं?

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे दारव्ह्याला असतात. नवरा नोकरीनिमित्त नाशिकला, महिन्यातून एकदा येतो. त्यामुळे गाडी, गॅस, नळ, बाबांचा दवाखाना, सगळं माझ्याच गळ्यात. त्यात बाबांच्या पाठीचे दोन मणके दबलेले. यवतमाळच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, धक्के टाळा. यवतमाळ जिल्ह्यात राहून धक्के कसे टाळायचे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

बाबांचे एक सोबती होते, लोहार. मी त्यांना चाचा म्हणायची. दोघांची दुकानं एकमेकांना लागून होती. बाबा लाकडाचं चाक करायचे, चाचा त्याला धाव चढवायचे. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती सगळे सांधे आवळून धरते. जास्त लहान झाली तर आरे मोडतात, मोठी राहिली तर उन्हाळ्यात निसटून पडते. किती लहान ठेवायची हे चाचांच्या अंगठ्याला माहीत होतं. चाक सुताराचं की लोहाराचं, यावर दोघं चाळीस वर्षं भांडले आणि चाळीस वर्षं एकाच किटलीतला चहा प्याले. पुढे बंड्यांनाच रबरी टायर आले आणि दोन्ही दुकानं बंद पडली.

चाचा आता दिग्रसला मुलीकडे. उन्हाळ्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेला लागले. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, अब्बा रोज विचारतात, मिस्त्री कधी येणार. एकदा आणून भेटवा ना." फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं, पट्टा घट्ट केला आणि म्हणाले, "चाल." जणू दिग्रस म्हणजे कोपऱ्यावरची पानटपरी.

मी नाही म्हणाले. दारव्हा ते दिग्रस तासाभराचं अंतर, पण त्या वर्षी त्या रस्त्याची जी दशा झाली होती ती मी रोज कोणा ना कोणाकडून ऐकत होते. आधी खड्डे पडले. मग कोणीतरी त्यांत मुरूम टाकला. मुरूम पावसात वाहून गेला आणि जाताना खड्ड्यांच्या कडाही घेऊन गेला. पूर्वी निदान खड्डा कुठे सुरू होतो हे कळायचं. आता रस्ता कुठे सुरू होतो ते शोधावं लागे. माझ्या छोट्या गाडीत बाबांना तिथून नेलं असतं तर परत आणताना दोनाचे तीन मणके झाले असते.

"चाक मोठं घेजो, बाई," बाबा म्हणाले. "लहान चाक खड्ड्यात उतरते. मोठं चाक वरून चाल्लं जाते. कपाशीच्या काया मातीत आम्ही मोठंच चाक देत होतो."

मला हे लगेच पटलं. शनिवारी सकाळची शाळा करून मी थेट यवतमाळला गेले. दुकानदाराला म्हटलं, "मोठं चाक पाहिजे." त्यानं आधी विचारलं, साहेब सोबत नाहीत का. मग साहेबांना फोन करून विचारून घ्या म्हणाला. माझं डोकं तिथेच तापलं. मी म्हटलं, गाडी माझी आहे, चालवते मी, तुम्ही चाकं दाखवा. तेव्हा त्यानं सतरा इंची चाकं दाखवली. चकचकीत अलॉय, पाकळ्या-पाकळ्यांची. माझी जुनी पंधरा इंची होती. पंधरापेक्षा सतरा मोठे, हे मी पाचवीच्या मुलांनाही विचारत नाही. रागाच्या भरात माणसाला आपण फार हुशार झालो असं वाटतं. मी चारही बसवून घेतली आणि जुनी चार त्यालाच देऊन टाकली. डिकीतली स्टेपनी तेवढी राहिली, कारण ती कोणाच्या लक्षातच आली नाही.

घरी आले तर बाबा पट्टा बांधून अंगणात उभे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला हात लावला, लोखंडाला नव्हे, रबराला. मग आतून सुतळी मागवली. वाकता येत नव्हतं म्हणून मला खाली बसायला लावलं, जमिनीपासून चाकाच्या माथ्यापर्यंत सुतळी धरायला सांगितली आणि गाठ मारली. सकाळी मी निघायच्या आधी त्यांनी शेजारच्या पोराकडून जुन्या चाकाचंही असंच माप घेऊन ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती दुसरी सुतळी खिशातून काढून त्यांनी दोन्ही गाठी जुळवल्या.

"हे काही मोठं झालं नाही," ते म्हणाले. "होतं तेवढंच हाय. गव्हाच्या दाण्याएवढं लहानच असन. लोखंड वाढलं अन् रबर घटलं. आधी सात बोटं होतं, आता पाच."

"बाबा, ही बंडी नाही, कार आहे. इथे मोजायची पद्धत वेगळी असते."

"बरं," ते म्हणाले आणि सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

आमच्या घरात 'बरं' या शब्दाचा अर्थ 'तुझं तू भोग' असा होतो. मला तो चांगला माहीत होता. तरी मी ऐकलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. चाचांच्या मुलीला कळवलं, तिनं खिचडा करते म्हणून सांगितलं. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दारव्हा सोडलं आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला कळून चुकलं की ही गाडी पूर्वीपेक्षा जास्त आपटतेय. दर खड्ड्यात आवाज येई तो थेट कण्यात शिरे. मी दर वेळी बाबांकडे पाही. "दुखलं का?" ते मान हलवत, हो की नाही ते कळत नसे. पुन्हा खड्डा, पुन्हा मी पाही. एका पुलाच्या अलीकडे पाण्यानं भरलेला खड्डा आला. मी त्या वेळी त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते. असा आवाज झाला की मला वाटलं इंजिनच पडलं. बाबांच्या तोंडून "माय वो" निघालं. मी त्यांना आयुष्यात दोनदाच असं म्हणताना ऐकलं आहे.

उतरून पाहिलं. डाव्या बाजूचं पुढचं टायर बसलं होतं, बगलेला लिंबाएवढा फुगा आला होता, आणि आतल्या चकचकीत पाकळीला तडा. एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून जॅक लावून दिला. मी डिकीतून स्टेपनी काढली, जुनी, काळी, लोखंडी, पंधरा इंची. ती त्या सतरा इंचीच्या शेजारी उभी केली आणि पाहतच राहिले. दोन्हींची उंची एकच होती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, हेच बरं होतं ना, काहून बदललं?" बाबा पुलाच्या कठड्यावर बसून दूर तुरीच्या शेताकडे पाहत होते. त्यांनी मला बोल लावला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

आम्ही तिथूनच परतलो. बाबा पाच दिवस अंथरुणावर. चाचांच्या मुलीनं संध्याकाळी फोन केला, "निघाले होते ना?" मी तिला टायर फुटलं म्हणून सांगितलं. कोणतं टायर, का फुटलं, ते काही सांगितलं नाही.

दारव्ह्यातच बसस्टँडच्या मागे एक टायरवाले भाई आहेत. आधीच त्यांच्याकडे गेले असते तर ही वेळ आली नसती, पण मला यवतमाळचं दुकान मोठं वाटलं होतं. 'मोठं' या शब्दानं मला त्या महिन्यात सगळीकडेच फसवलं. भाईंनी फुगा आलेलं टायर पाहिलं आणि मान हलवली. "मॅडम, ये शहर का चाक है. सिमेंटच्या रोडवर चालते. खड्ड्यात रिम नाही वाचवत, रबर वाचवते." मग खडूनं टायरवरच्या आकड्यांखाली रेघ मारली. दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. "बोलो, ये पैंतालीस क्या है?"

मी म्हटलं, मिलिमीटर असेल.

"परसेंट," ते म्हणाले. "रुंदीचे पंचेचाळीस टक्के, तेवढी रबराची उंची."

मी गणिताची शिक्षिका. शेकडेवारी शिकवता शिकवता केस पिकले. दोनशे पाचचे पंचेचाळीस टक्के म्हणजे ब्याण्णव मिलिमीटर. जुन्या टायरवर होतं एकशे पंच्याऐंशी आणि पासष्ट, म्हणजे एकशे वीस. बाबांनी डोळ्यांनी आणि बोटांनी सांगितलेलं तेच सात आणि पाच. भाईंच्या दुकानात स्टुलावर बसून मी हे तोंडी केलं आणि मला इतकी लाज वाटली की तो खडू हिसकावून स्वतःच्याच कपाळावर भोपळा काढावासा वाटला.

खरं तर चूक त्या एका शब्दात होती. बाबा 'चाक' म्हणतात तेव्हा त्यात जमिनीला टेकणाऱ्या धावेपर्यंत सगळं येतं. दुकानदार 'चाक' म्हणतो ती नुसती आतली रिम. दोघंही बरोबर, आणि मधली मी ठार मूर्ख.

भाईंनी उपाय सांगितला. पंधरा इंची लोखंडी रिम घ्या, अलॉय नको. लोखंडी वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. त्यावर एकशे पंच्याण्णव-पासष्टचं टायर घाला, जुन्यापेक्षा थोडं उंच, थोडं जाड. त्याहून मोठं नको, आतून घासेल. हवा कंपनीनं लिहिली तेवढीच ठेवा. नरम वाटावं म्हणून कमी केली तर खड्ड्यात रिम थेट रस्त्याला लागेल. ऐकायला इतकं सोपं. पण त्यापुढचे दोन महिने माझे नुसते संतापात गेले. रिम मिळाल्या तर त्यांची छिद्रं जुळेनात. टायर नागपूरहून मागवले तर पासष्टच्या जागी पंचावन्नचे आले. ते परत पाठवले. मग नवरात्र, मग दसरा, मग रिमवाल्याकडे लग्न. शिक्षकखोलीत रोज नवा सल्ला. एक म्हणे नायट्रोजन भरा. एक म्हणे गाडीच विका आणि जीप घ्या. मुख्याध्यापक म्हणाले, रस्ता होणारच आहे, वाट पाहा. ते हे मी नोकरीला लागले तेव्हापासून म्हणत आहेत.

आणि या सगळ्यात चाचा खाटेवर वाट पाहत होते. तो काटा मला रात्रंदिवस टोचत होता. मी बाबांना म्हणे, "आणखी आठ दिवस थांबा. टायर आले की लगेच जाऊ." ते म्हणत, "पाह्य बाई सावकाश. मले घाई नाही." मी शाळेत जायला निघाले की ते पट्टा बांधून लाकडं कापायच्या आरामशीनवर गप्पा मारायला निघत. त्यांचा हा समजूतदारपणा पाहून मला उलट आणखीच अपराधी वाटे. बिचारे मनातल्या मनात कुढत असतील, असं मी धरून चालले होते.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी भाईंनी चारही टायर चढवले. बाबांनी सुतळी काढून माझ्याकडून मोजून घेतलं आणि या वेळी 'बरं' म्हणाले नाहीत, "हे झालं" म्हणाले. आम्ही तसेच निघालो. गाडी खरंच बदलली होती. धक्के होते, पण आता ते टोचत नव्हते, ढकलत होते. मला इतका आनंद झाला की मी दर खड्ड्यानंतर बाबांकडे वळून पाही. "बघा, आता किती कमी लागतं. दुखलं का? नाही ना?"

ते मान हलवत. मग म्हणाले, "पुढं उजव्या अंगानं घेजो. वळणावर डाव्या बाजूनं खोल हाय."

मी घेतलं. खड्डा खरंच डावीकडे होता.

"आता पुलावर कडेनं जाऊ नको. मधातला बुजवला त्यायनं, कडेचा पडला."

मी पुलावर मधून गेले. हाच तो पूल, जिथे आमचं टायर फुटलं होतं. तेव्हा खड्डा पुलाच्या अलीकडे होता आणि पुलापलीकडे आम्ही गेलोच नव्हतो. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "मधला कधी बुजवला?"

"मागच्या हप्त्यात."

ते म्हणून गेले आणि खिडकीची काच खाली करू लागले. गाडीत नव्या रबराचा वास तेवढा होता.

दिग्रसला चाचांच्या मुलीनं दार उघडलं आणि बाबांना पाहून म्हणाली, "आज गुरुवार नाही ना मिस्त्रीचाचा, आज कसे आले?" मग मागे मला पाहून तिनं जीभ चावली.

आत खिडकीशी चाचा पडले होते. अंगाचा नुसता सांगाडा, पण अंगठे तसेच रुंद. मला पाहून ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला, बाबांनी पाणी पाजलं. मग म्हणाले, "ये माय, बस. सुताराच्या पोरीले चाक नाही समजलं म्हणते?" आणि दोघंही पुन्हा हसले. गेले सहा-सात गुरुवार माझी ती सतरा इंची चाकं या खोलीत फिरत होती, हे मला समजलं. मेलेलं टायर, फुगा, टक्के, नागपूरचं पार्सल, सगळं. चाचांच्या मुलीनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की अब्बा त्याच गोष्टीला रोज नव्यानं हसतात आणि त्या दिवशी दोन घास जास्त खातात. मला राग आला होता. तिनं हे सांगितल्यावर तो कुठे ठेवावा तेच कळेना.

परत निघाल्यावर मी दिग्रसच्या बाहेर येईपर्यंत दम धरला. मग विचारलं, "कशानं येत होते?"

"एसटीनं. पंचाहत्तरी झाली का तिकीट नाही लागत." मग म्हणाले, "एसटीचं चाक पाह्यलं काय तू? माह्या छातीएवढं हाय. त्याले म्हणते मोठं चाक."

"आणि पाठ?"

"दुखे ना. लय दुखे. आल्यावर शेकत होतो, तू यायच्या आधी."

"मग मला काहून नाही सांगितलं? मी दोन महिने त्या टायरांपायी वणवण फिरले. कोणासाठी फिरत होते मी?" माझा आवाज चढला होता.

बाबांनी पट्टा जरा सैल केला. मग म्हणाले, "एसटीत मी धक्के खात होतो तं माह्ये मी खात होतो. तिथं कोणी पाहत नव्हतं. तुह्या गाडीत खड्डा आला का तू माह्या तोंडाकडे पाह्यते. दर खड्ड्याले पाह्यते. दुखलं का, दुखलं का. मले असं वाटे का तो खड्डा मीच पाडला."

गणितात तरी चूक कुठे झाली ते शेवटी सापडतं आणि पुसून पुन्हा मांडता येतं. मला आठवलं, त्या दिवशी पुलाजवळ मी रस्त्याकडे पाहत असते तर तो खड्डा मला दिसला असता. सतरा इंचीवरही दिसला असता.

पूल आला. समोरून मधूनच एक ट्रक आला म्हणून मला कडेला घ्यावं लागलं आणि डावं चाक या कडेच्याही खड्ड्यात गेलं, चांगलं खोल. गाडी खाली बसली आणि वर आली. शेजारी बाबांचा श्वास अडकल्याचा आवाज आला. माझी मान आपोआप वळू लागली होती.

"समोर पाह्य," बाबा म्हणाले.

मी समोर पाहिलं. दारव्हा येईपर्यंत समोरच पाहत राहिले, आणि काही विचारलं नाही.